औंढ्याहून नारळीकर वाचताना

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव होतं 'कृष्णविवर'. जगताप नावाचं कोणी नव्हतंच. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून ते बेतलेलं होतं, आणि परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून सगळी कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकरांनी आपल्या अक्षरात उतरवून काढली होती. अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान रटाळ होऊ लागलं तेव्हा समोरच्या कागदावर ही कथा लिहायला घेतली, असं नारळीकर पुढे सांगत. हा किस्सा आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाला आहे की त्यातली गंमत तेवढी उरली आणि मुद्दा निसटला.

तेव्हा नारळीकर छत्तीस वर्षांचे होते. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते. त्यांनी काहीही लिहून पाठवलं असतं तरी कुठल्याही दिवाळी अंकाने ते हातोहात छापलं असतं. तरीही आपलं नाव बाजूला ठेवून कथेचा कस लागावा असं त्यांना वाटलं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, त्यानंतर त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. त्यात खगोलशास्त्रज्ञ होता, आयुका या खगोलविज्ञान संस्थेचा संस्थापक होता, साधा माणूस होता. कथाकार मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात उरकलेला. म्हणजे जगतापांनी विचारलेला प्रश्न पन्नास वर्षांनंतरही तसाच पडून आहे : नारळीकर हे नाव झाकलं तर या कथा उभ्या राहतात का?

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातून विचारायला एक कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात, त्यांतून धावणारा लेसर, टोकांना टांगलेले आरसे. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाश किंचित ताणला जातो, आणि त्या आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी इतकं बदलतं. तेवढा बदल औंढ्याच्या माळावर मोजायचा आहे. ज्या संस्था हे काम बघताहेत त्यांत पुण्याची आयुका आहे, आणि आयुका नारळीकरांनी उभी केली. लायगो नारळीकरांनी आणला असं म्हणणं मात्र खोटं होईल. ते २००३ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले, आणि गुरुत्वीय लहरींचं काम आयुकात संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोणी फारसं लक्ष देत नव्हतं तेव्हापासून, चिकाटीने चालवलं. तरी योगायोग ध्यानात राहतो. पहिल्या कथेत जो विषय आला, तोच पन्नास वर्षांनी मराठवाड्यातल्या सर्वांत नव्या जिल्ह्याच्या सातबाऱ्यावर आला.

सर्वांत नवा जिल्हा म्हणजे १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला. त्याआधी निजामाच्या राज्यातलं लष्करी ठाणं, आणि त्याच्याही कितीतरी आधी संतांची भूमी. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी इथलं, त्यांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढ्यात. आजच्या काळात या जिल्ह्याने दिलेलं ठळक नाव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याच्या इंद्रजित भालेरावांचं, म्हणजे तेही कवितेचं आणि शेतीचं. विज्ञानकथेचा आणि या मातीचा आजवर संबंध आला नव्हता. आता तो शासनाच्या खर्चाने आला आहे, तर नारळीकरांची पुस्तकं इथे बसून पुन्हा वाचून बघणं आलंच.

चरित्राचा भाग थोडक्यात. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख, आई सुमती संस्कृत जाणणाऱ्या. वाढले बनारसला. घरात भिंतीवर फळे लावलेले होते आणि एम.एस्सी. करायला घरी राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी एखादं गणित आव्हान म्हणून लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत पुसायचं नाही. १९५७ मध्ये पदवी, मग केंब्रिज, तिथे १९५९ मध्ये सीनिअर रँग्लर, आणि मग फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन. १९६४ चा हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त, त्यावरचा जगभरचा गाजावाजा, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. १९७२ मध्ये भारतात परत. १९८८ मध्ये यशपाल यांच्या पुढाकाराने विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आयुका स्थापन केली, तिचे ते पहिले संचालक. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात ही चार नगरं आली आहेत : बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी वंशावळ पुरे, कारण कथांच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट मोलाची आहे, ती म्हणजे हॉइल.

फ्रेड हॉइल यांनी १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिली. सूर्याकडे सरकणारा काळा ढग, त्याचं गणित मांडणारे खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांच्यात लुडबुड करणारे राजकारणी असा तिचा बेत. केंब्रिजमधला पहिल्या रांगेतला शास्त्रज्ञ कादंबरी लिहितो आणि त्याचे सहकारी त्याला वेडा ठरवत नाहीत, हे विशीतल्या नारळीकरांनी जवळून पाहिलं. आपल्याकडचा प्राध्यापक तेव्हा कथा लिहायचाच तर टोपणनावाने लिहायचा आणि विभागात कोणाला कळू नये म्हणून जपायचा. (नारळीकरांनीही टोपणनाव घेतलं, पण कारण नेमकं उलटं होतं.) हॉइलकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली : संकट आकाशातून येतं, ते आधी गणितात दिसतं, आणि ज्याला ते दिसतं त्याचं कोणी ऐकत नाही. नारळीकरांच्या कितीतरी कथांचा हा सांगाडा आहे, त्याकडे पुढे येऊ.

मराठी विज्ञानकथा नारळीकरांपासून सुरू झाली हा समज मात्र काढून टाकला पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत येऊन गेली होती. नाथमाधवांची 'श्रीनिवासराव' १९०८ ची. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' १९१५ मध्ये आली, तिला बहुतेक अभ्यासक पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानतात. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हातात दिला, अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताला हक्काची जागा दिली, नारायण धारप भयकथा लिहिता लिहिता मधूनच विज्ञानाच्या अंगणात येऊन जात. पण हे सगळं वाङ्मयाच्या ओसरीवर चाललेलं होतं, आतल्या खोलीत त्याला बोलावणं नव्हतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ला निघाली, तिने कथास्पर्धा सुरू केली, तिथे नारळीकर शिरले आणि मग चित्र पालटलं. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली, 'किर्लोस्कर'चे मुकुंदराव किर्लोस्कर कथा मागू लागले. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा पहिला संग्रह आला आणि त्याला राज्य पुरस्कार मिळाला. म्हणजे विज्ञानकथेला आतल्या खोलीत नेण्याचं काम नारळीकरांच्या प्रतिष्ठेने केलं, हे मान्य करायलाच हवं. अडचण अशी की त्या प्रतिष्ठेमुळेच कथांची चिकित्सा टळली. ज्यांना त्या आवडल्या नाहीत ते 'विज्ञान आम्हाला कळत नाही' म्हणून गप्प बसले, ज्यांना आवडल्या ते पदव्या मोजत बसले.

आता कथांकडे.

'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू भर सामन्यात डाव्या हाताने टाकू लागतो आणि फलंदाजांची त्रेधा उडते. घरातल्या गणपतीची डावीकडची सोंड उजवीकडे वळलेली दिसते. यामागचं गणित साधं आणि सुंदर आहे. कागदाला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की जी पट्टी होते, तिच्यावरून एखादी सपाट आकृती फिरवून आणली तर ती आरशातल्यासारखी उलटी होऊन परत येते. आपल्या तीन मितींच्या माणसाला चौथ्या मितीतून असं फिरवून आणलं तर? त्याचंही डावं उजवं होईल. आता हीच कल्पना हातमोजा किंवा बूट घेऊनही सांगता आली असती, गणिताची पुस्तकं तेच करतात. नारळीकरांनी गणपती घेतला. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, तो सहसा घरात बसवत नाहीत, हे मराठी वाचकाला आजीकडून माहीत असतं. त्यामुळे सोंड वळली आहे हे वाचताना जो काटा येतो तो भूमितीने आणलेला नाही, देवघरानेच आणलेला आहे. आणि मग भूमिती येऊन सांगते की हे होऊ शकतं, नियमात बसतं. देवघराचा धाक आणि गणिताचा दिलासा एकाच वस्तूत बसवणं, हे नारळीकरांचं खरं कसब.

औंढ्यात ही कथा वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेवांना कीर्तनासाठी देवळासमोरून हटवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्या बाजूला फिरलं, ही इथली आख्यायिका. नागनाथाच्या देवळात नंदी समोर नाही, मागे आहे, तो भाविक याचा पुरावा म्हणून दाखवतात. दिशा उलटण्याची एवढी मोठी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या गावाला चौथी मिती समजावायला वेळ लागू नये. अर्थात नामदेवांच्या गोष्टीत देऊळ फिरतं ते हाकलून दिलेल्या माणसासाठी, आणि नारळीकरांच्या कथेत माणूस उलटतो तो प्रयोगासाठी. हा फरक लहान नाही, आणि नारळीकरांच्या मर्यादेचं मूळ मला इथेच दिसतं.

पण आधी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि वाटेत त्यांच्या ध्यानात येतं की आपण वेगळ्याच भारतात आहोत. इथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे आणि इंग्रजांचं राज्य मुंबईपुरतं उरलं आहे. ते ग्रंथालयात जाऊन स्वतःच्याच इतिहासग्रंथाचे खंड चाळतात, कुठे फाटा फुटला ते शोधतात. १४ जानेवारी १७६१. या जगात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. पुढे आझाद मैदानावरची ती सभा. व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवलेली, कारण इथल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं कायमची बंद केली आहेत. ती रिकामी खुर्ची पाहून अध्यक्षपदाची सवय जडलेल्या गंगाधरपंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात आणि लोक त्यांच्यावर टोमॅटो नि अंडी फेकतात. संमेलनांच्या आणि सत्कारांच्या या महाराष्ट्रात इतकी नेमकी टवाळी क्वचितच कोणी केली असेल. शेवटी हातात उरतं ते बखरीचं एक फाटलेलं पान. राजेंद्र देशपांडे नावाचा मित्र मग पुंज सिद्धान्तातली अनिश्चितता सांगून याची उकल करतो. ती उकल थोडी लांबते, खरं सांगायचं तर कथा बखरीच्या पानावरच संपलेली असते. या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात देशभरच्या मुलांनी वाचलं. इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलाला ती समांतर विश्वाची हुशार गोष्ट वाटते. मराठी वाचकाच्या लेखी 'पानिपत झालं' हा अजूनही बोलण्यातला वाक्प्रचार आहे. अडीचशे वर्षांची एक हळहळ नारळीकरांनी पुंजभौतिकीच्या हवाली केली, ही खरी करामत. या कथेवर जगतापांचंच काय, कोणाचंही नाव असतं तरी ती टिकली असती.

याच जातीची 'धूमकेतू'. हौशी आकाशनिरीक्षक दत्त नवा धूमकेतू शोधतो, त्याचं नाव होतं, आणि मग गणित सांगतं की तो पृथ्वीवर आदळणार. देशोदेशीचे शास्त्रज्ञ अण्वस्त्राने त्याला वाटेतून ढकलण्याची गुपचूप तयारी करतात. इकडे घरात बायकोने शांतीसाठी यज्ञ मांडलेला. संकट टळतं. कशामुळे टळलं, हे घरच्यांच्या लेखी उघड आहे. नारळीकर इथे चिडत नाहीत, भाषण देत नाहीत, आणि म्हणूनच कथा बोचते. याच लेखकाने २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, कोणती कोणाची ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती त्याच्या आसपासच. चाचणीला जे जमलं नाही ते 'धूमकेतू'ला जमलं असं मला वाटतं. आकडेवारीने माणूस हरतो, पटवून घेत नाही. कथेत त्याला स्वतःचं घर दिसतं.

'पुत्रवती भव'चं नावच आशीर्वादाचं. मुलगाच हवा या हव्यासाची जबाबदारी औषधाने उचलली तर समाजाचं काय होईल याचा हिशेब तिथे आहे, आणि तो गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा यायच्या आधी मांडलेला. मराठवाड्यातल्या वाचकाला त्यात भविष्य दिसणार नाही, मागच्या तीस वर्षांची जनगणना दिसेल.

कादंबऱ्यांबद्दल माझं मत इतकं उदार नाही. 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' यांतल्या कल्पना दमदार आहेत. 'वामन'मध्ये भौतिकीच्या प्रयोगासाठी खोल खोदकाम चालू असताना फार प्राचीन आणि फार प्रगत संस्कृतीने ठेवलेली पेटी सापडते, आणि तिच्यातल्या ज्ञानावरून बनवलेलं यंत्र स्वतःच्या प्रती काढण्याच्या बेताला येतं. तीन पावलं जमीन मागणारा बटू कुठवर वाढतो हे ठाऊक असलेल्या वाचकाला शीर्षकच पुरेसं भिववतं. यंत्रबुद्धीच्या आजच्या गदारोळात ती पुन्हा वाचण्याजोगी आहे. पण दोनशे पानं चालायची तर माणसं लागतात, आणि नारळीकरांची माणसं कमी पडतात. ती सगळी एकाच सुरात बोलतात. शंका विचारायला एक पात्र, उत्तर द्यायला एक, मध्येच चहा घेऊन येणारी बायको. साखरेच्या पुटातून विज्ञानाची गोळी, असा आक्षेप त्यांच्यावर होता, आणि विज्ञान लोकांपर्यंत न्यावं हा हेतू ते स्वतःही लपवत नसत. कथेच्या वीस पानांत पूट विरघळायच्या आत गोळी पोटात गेलेली असते. कादंबरीत ती जिभेवर रेंगाळते.

त्यांचा नायक नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. 'हिमप्रलय'मधला वसंत चिटणीस हिमयुग येणार म्हणून सांगत राहतो, मुंबईत बर्फ पडेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. हा एकटा पडलेला, शांत, गणितावर विसंबलेला माणूस कथेमागून कथेत येतो आणि शेवटी बरोबर ठरतो. प्रत्यक्षात काय झालं? हॉइल आणि नारळीकर विश्वाच्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताच्या बाजूने उभे होते. १९६४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभेत हॉइल त्यांचा नवा सिद्धान्त मांडत असताना स्टीफन हॉकिंग नावाचा तरुण विद्यार्थी उठून म्हणाला की तुमची एक बेरीज अनंताला जाते. ते गणित त्याने नारळीकरांकडेच आधी पाहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी पेन्झिआस आणि विल्सन यांनी आपल्याला सापडलेलं सूक्ष्मतरंग प्रारण जाहीर केलं आणि महास्फोटाचं पारडं जड झालं. नारळीकरांनी तरीही हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धान्त मांडला, आणि शेवटपर्यंत ते अल्पमतात राहिले. विश्वरचनाशास्त्राने त्यांना जो निकाल दिला नाही तो त्यांच्या कथा वसंत चिटणीसांना देत राहिल्या. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. उलट या कथांत कुठे लेखकाचं काळीज सापडत असेल तर ते याच ठिकाणी. फक्त त्यांनी त्या माणसाला एकदा तरी चूक ठरू द्यायला हवं होतं. गणित पक्कं, हेतू शुद्ध, आणि तरीही चूक. ती कथा महाराष्ट्रात त्यांच्याइतकी चांगली कोणालाही लिहिता आली नसती.

आणि आता ती मर्यादा, जी औंढ्याहून स्पष्ट दिसते. चार नगरांतलं विश्व हे खरोखरच चार नगरांतलं आहे. त्यांच्या कथांत पुणे-मुंबई आहे, लंडन आहे, प्रयोगशाळा, विमानतळ, मंत्रालय आहे. प्रयोगशाळेसाठी जिची जमीन जाते ती बाई नाही. वेधशाळेच्या कुंपणाबाहेर हळद शिजवणारा माणूस नाही. विज्ञान नेहमी सुशिक्षित दिवाणखान्यात घडतं आणि बाकीचा समाज वर्तमानपत्रातून ते वाचतो. ही तक्रार एकट्या नारळीकरांबद्दल नाही. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, शुभदा गोगटे या सगळ्यांनी त्यांच्या मागेपुढे ही वाट रुंद केली. त्यांत जावडेकर माणसाच्या मेंदूत आणि मनात अधिक खोल उतरतात, लोंढ्यांना हळवेपणा छान जमतो. पण भूगोल जवळपास सगळ्यांचा तोच. दुसरीकडे मराठवाड्याची कथा, बोराड्यांच्या 'पाचोळा'पासून आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'पर्यंत, गावात घट्ट पाय रोवून आहे, पण तिच्यात यंत्र येतं ते बहुतेक वेळा कर्ज म्हणून किंवा संकट म्हणून. दोन्ही वाटा कुठे मिळालेल्या नाहीत.

मिळायला आता जागा आहे. लायगोसारख्या यंत्राचा खरा शत्रू गोंगाट. अमेरिकेत हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ मध्ये एक गूढ खूण वारंवार उमटू लागली. शोध घेतला तर तहानलेले डोमकावळे एका नळीवर साचलेला बर्फ टोचत होते. तिथल्याच लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत आसपासच्या जंगलातली लाकूडतोड आणि जाणाऱ्या आगगाड्या आरशांना जाणवतात. म्हणून तर औंढा निवडलं गेलं : मोठी शहरं दूर, मोठे कारखाने नाहीत, रहदारी बेताची. आणि नेमक्या याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात, लोक रात्री घराबाहेर येऊन उभे राहतात. २०२४ मध्ये मार्चच्या २१ ला आणि जुलैच्या १० ला ४.५ तीव्रतेचे धक्के या जिल्ह्यात बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. १९९३ चं किल्लारी अजून कोणी विसरलेलं नाही. जगातल्या अत्यंत हळव्या यंत्रांपैकी एक आणि आवाज करणारी जमीन एकाच जिल्ह्यात. शास्त्रज्ञ सांगतील की याचा विचार करूनच रचना असते, आरसे अनेक पदरी टांगणीवर असतात, दूरच्या वेधशाळांच्या नोंदींशी ताळा घेतल्याशिवाय कुठलीही खूण मान्य होत नाही. ते खरंच आहे. पण कथा तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. महाशिवरात्रीला नागनाथाला लोटणारी गर्दी आरशांना जाणवेल का? जमीन गुरगुरली तर गावकरी म्हणतील यंत्रामुळे, यंत्रवाले म्हणतील जमिनीमुळे. आणि कुंपणावर पहारा करणारा, शेत दिलेला माणूस दोघांचं ऐकत राहील. नारळीकरांना यातलं गणित चोख लिहिता आलं असतं. पहारेकरी लिहायला दुसरं कोणी लागेल.

हिंगोलीत जे बोललं जातं त्यात लायगोबद्दल सध्या दोनच सूर ऐकू येतात. एक, आपल्या जिल्ह्याचं नाव जगात होणार. दुसरा, आपल्या पोरांना तिथे नोकरी लागणार का. तिसरा प्रश्न, तिथे नेमकं काय ऐकणार आहेत, हा शाळेतली मुलं विचारतात. या मुलांशी बोलण्याची नारळीकरांची एक पद्धत होती. मुलं सही मागायला आली की ते सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल, असं सांगत आणि तसं करत. आयुकात त्यांनी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू केली, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभं राहिलेलं मुक्तांगण विज्ञान शोधिका तिथेच आहे. त्यांचा लेखक म्हणून विचार करताना हे आवर्जून लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या डोक्यातला वाचक हा समीक्षक कधीच नव्हता, पोस्टकार्ड लिहिणारा मुलगा होता. त्याला न कळणारं वाक्य त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या मराठीचा साधेपणा तिथून येतो, आणि पात्रांचा सपाटपणाही.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, नारळीकर अध्यक्ष. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि त्यावरून नाराजीचे सूर निघाले. संमेलनाच्या मांडवात अध्यक्षांची खुर्ची रिकामी. गंगाधरपंतांच्या लेखकाच्या वाट्याला हा प्रसंग यावा आणि महाराष्ट्राला त्यातला विनोद दिसू नये, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यांनी लिहून दिलेल्या भाषणात विज्ञानकथेची बाजू होती : तिच्यातलं विज्ञान चुकीचं चालणार नाही, आणि भुताखेतांना यंत्राचे कपडे चढवले म्हणजे ती होत नाही. ही अट कडक आहे. तिने मराठीतल्या काही चांगल्या कल्पितकथा बाहेर पडतात, हे मान्य. पण चमत्काराच्या नावाखाली काहीही खपवणाऱ्या सध्याच्या चित्रफितींच्या काळात ती अट निदान कोणीतरी घातली होती, हेही खरं.

नव्याने वाचणाऱ्याने सुरुवात पानिपतापासून करावी. मग सोंडेचा गणपती आणि 'धूमकेतू', पाठोपाठ 'पुत्रवती भव'. 'वामन' पावसाळ्यात सवडीने. आत्मचरित्र शेवटी, आणि त्यातला बनारसचा भाग आधी, कारण त्यांच्या गद्यात सगळ्यात मोकळा श्वास तिथे आहे. 'आकाशाशी जडले नाते' हे त्यांचं खगोलशास्त्रावरचं पुस्तक औंढ्याच्या प्रत्येक शाळेत असावं, त्यासाठी लायगो सुरू व्हायची वाट पाहायचं कारण नाही. वेधशाळा या दशकाच्या अखेरीस चालू करायचा बेत आहे. तोवर जिल्हा ग्रंथालयाने 'यक्षांची देणगी'च्या पाच-सहा प्रती मागवून ठेवल्या तरी पुष्कळ झालं.